मंगली नैतामचा गुन्हा

चैतू हलामीने आपला वजनकाटा आंब्याच्या फांदीला अडकवला, हात झटकले आणि हाक दिली, "आणा वो बायांनो, मोहा आणा! ऊन चढून राह्यलं."

टोल्यातल्या बाया टोपल्या, पोती घेऊन निघाल्या. कुरखेड्यापासून बरेच आत, जंगलात वसलेल्या साजाटोला या लहानशा वस्तीत मोहाच्या हंगामात दर वर्षी हेच व्हायचे. दीपिकानेही कडेवरच्या चंचलला खाली ठेवले आणि पोत्याला हात घातला. तेवढ्यात तिच्या चुलत सासूने, मंगलीने, पोत्याचे तोंड मुठीत धरले.

"राहू दे. औंदा याले नाई द्यायचा."

दीपिका गोंधळली. चैतू हा काही परका माणूस नव्हता. टोल्यातले एकमेव किराणा दुकान त्याचे, एकमेव पिकअप गाडी त्याची, आणि विडीसाठीच्या तेंदूपत्त्याच्या हंगामात ठेकेदाराचा मुनशी म्हणून पाने मोजून घेणाराही तोच. उन्हाळ्यात तो मोहफुले स्वस्तात उचलायचा आणि पावसाळ्यात, घरातले सरले की, तीच फुले त्याच बायांना महाग विकायचा. यात कोणाला काही वावगे वाटत नसे. घेणारा एकच असला की भाव तोच सांगणार, असे सगळ्यांनी कधीच मनाशी धरून टाकले होते.

"मंगलीबाई, मंग कोणाले देतेस वो?" चैतूने हसत विचारले.

"भंडाऱ्याकडचा एक व्यापारी येते म्हणून राह्यला. मोहा कुठीबी विका म्हणून सरकारनं मोकळीक देल्ली ना आता? त्याचा भाव तुह्यापरीस जास्ती हाये. तू त्याच्याहून जास्ती दे, तुले देऊ. तुह्याशी काई दुश्मनी नाई माही."

चैतूचे हसू मावळले. त्याने आजूबाजूला पाहिले. बायांची पावले जागच्या जागी थांबली होती. एकीने टोपली हळूच पाठीमागे घेतली, मग दुसरीने. चैतूने काटा फांदीवरून काढला, गाडीत टाकला आणि जाता जाता एवढेच म्हणाला, "व्यापारी एक दिवस येते बाई. मी रोज इथीच राह्यतो."

मंगली पन्नाशीची, काटक बांध्याची. तिला स्वतःचे मूल नव्हते. दिराची बायको बाळंतपणात गेली, पाठोपाठ दीरही गेला, तेव्हा त्यांचा लहानगा अंकुश मंगलीने पदराखाली घेतला. तिचा नवरा झाडू अंकुशला खांद्यावर बसवून नाल्यापलीकडच्या शाळेत न्यायचा. तोच अंकुश मोठा झाला, त्याचे दीपिकाशी लग्न लागले आणि शेजारीच त्याची वेगळी झोपडी उभी राहिली. चुली दोन, अंगण एक. चंचल पहिले पाऊल टाकायला शिकली ती झाडूचे बोट धरून.

भंडाऱ्याचा व्यापारी ठरल्या दिवशी आला. मोहफुलांची पोती गाडीत चढली, बायांच्या हातावर रोख पैसे पडले. टोल्यात हसणेखिदळणे चालले होते, आणि गाडी नाल्यावर पोचेपर्यंत ते चालूच राहिले.

नाल्याच्या उतारावर तोंडाला फडकी बांधलेली माणसे उभी होती. त्यांनी ड्रायव्हरला खाली ओढले. पहिला दांडका त्याच्या गुडघ्यावर बसला, दुसरा मनगटावर. व्यापारी पळत टोल्यात आला आणि लोक धावले, पण तोवर सगळे होऊन गेले होते. पोती कोयत्याने फाडलेली. पिवळसर मोहफुलांचा खच नाल्याच्या चिखलात, आणि त्यात तो ड्रायव्हर पोरगा आडवा पडलेला. त्याच्या हाताचे हाड कातडीतून बाहेर आले होते. मंगलीने स्वतःचे लुगडे फाडून बांबूच्या कामट्यांनी तो हात बांधला. दीपिका पाणी घेऊन शेजारी उभी होती. तो पोरगा एकच गोष्ट परत परत म्हणत होता, "मी फक्त गाडी चालवतो हो. मी फक्त गाडी चालवतो."

कोणी मारले ते साऱ्या टोल्याला ठाऊक होते. पोलिसांना मात्र कोणी काही सांगितले नाही.

त्या दिवसापासून दीपिकाला भीती वाटू लागली. "काकी, जाऊ दे ना वो," ती म्हणाली. "दोन पैसे कमी भेटले तं भेटले."

"दोन पैशाची गोष्ट नोहे पोरी," मंगली म्हणाली. "त्यानं मारलं कोणाले? घेणाऱ्याले. उद्या दुसरा घेणारा येइन का? नाई येणार. मंग आपण जलमभर त्याच्याच काट्याखाली."

दोन-तीन आठवड्यांनी ग्रामसभा भरली. विषय तेंदूपत्त्याचा. वनहक्क कायद्याने साजाटोल्याचे जंगल ग्रामसभेच्या ताब्यात आले होते. पाने कोणाला विकायची हे ठरवायचा अधिकार आता गावाचा होता. पण तो अधिकार कपाटात राहिला होता. दर वर्षी चैतू ठेकेदाराचे नाव सांगे, लोक मान डोलवत आणि झाले. या खेपेला मंगली उभी राहिली. पुढच्या हंगामापासून आजूबाजूच्या गावांना सोबत घेऊन जाहिरात द्यायची, खुला लिलाव करायचा आणि बोली ज्याची मोठी त्याला पाने द्यायची, असे तिने मांडले.

गडचिरोलीला कॉलेज शिकून आलेला आदेश तिच्या बाजूचा होता, पण त्याचे म्हणणे वेगळे पडले. "व्यापाऱ्यायचा भरवसा नाई काकी. ते आपसात साटंलोटं करतात. त्याच्यापरीस सरकारनंच हमीभावानं सारी पानं घ्यावी."

"सरकारनं पहिले घेतच होतं ना गा," मंगली म्हणाली. "तवा फॉरेस्टचा माणूस त्याच्या दारात आपल्याले उभं करत होता, आता मुनशी करते. आपलं तं उभं राहणंच राह्यलं. सरकारनं भाव बांधावा, मी नाई म्हणत नाई. त्याच्या खाली कोणी घेऊ नये. पन सरकारबी घेऊ दे, नागपूरवालाबी घेऊ दे, तेलंगणावालाबी घेऊ दे. चार जण आले का ते आपल्या दारात येतीन."

"आन चौघंबी नाई आले तं?" चैतूने मागून विचारले. "कोणी बोलीच नाई लावली तं पानं झाडावर वाळतीन. तवा ह्या बाईच्या घरी जेवाले जाजा सारे."

हा प्रश्न खोटा नव्हता. लोक चुळबुळले. ज्यांच्या घरात वर्षाचे कपडे आणि औषधपाणी तेंदूपत्त्यावर चालते, त्यांना ही धास्ती कोणी शिकवावी लागत नाही. शेवटी धान निघाल्यावर ठरवू असे म्हणून सभा उठली. उठताना मात्र मान डोलवणाऱ्यांपेक्षा मंगलीभोवती उभे राहणारे जास्त होते. चैतूने ते पाहिले.

श्रावणात चंचलला ताप भरला.

सकाळी अंग तापायचे, दुपारी हुडहुडी भरायची, संध्याकाळी पोर पुन्हा खेळायला लागायची. अंकुशने टोल्यातल्या बुधू पुजाऱ्याकडून मुळी उगाळून आणली. बुधू म्हाताऱ्याने पोरीचे डोळे पाहिले आणि मुळी देतानाच बजावले, "हा ताप माह्या हातचा नोहे. हिले दवाखान्यात न्या." मंगलीही तेच सांगत होती. पण मधला नाला दुथडी भरून वाहत होता आणि अंकुशला वाटले, एक दिवस पाहू. मग आणखी एक दिवस पाहू. दीपिकाच्याही अंगात ताप होता, तिला उठवत नव्हते, म्हणून मंगली दिवसभर पोरीच्या उशाशी बसून चमच्याने पेज पाजत होती. तिसऱ्या दिवशी चंचलचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. झाडूने तिला डोक्यावर धरले आणि छातीभर पाण्यातून नाला पार केला. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासले. मेंदूत गेलेला मलेरिया होता. सुई टोचेपर्यंत पोर थंड झाली होती.

परत येताना तिला झाडूनेच आणले.

दूध दाटून दीपिकाची छाती ठणकायची आणि ती भिंतीला टेकून बसून राहायची. अंकुश तिच्याशी नजर मिळवत नसे. एक दिवस पाहू असे आपणच म्हणालो, हे त्याला आतून खात होते, पण ते तोंडातून काढायची त्याची हिंमत नव्हती. तो चैतूच्या दुकानात जाऊन बसू लागला. चैतू त्याला दारू पाजायचा. जिल्ह्यात दारूबंदी होती, पण चैतूच्या दुकानाला ती कधी आडवी आली नाही. तिथेच हळूहळू कोणीतरी अंकुशच्या कानात घातले: ज्या बाईला स्वतःचे लेकरू नाही, तिची दुसऱ्याच्या लेकरावर नजर असते. मग दुसरा कोणी म्हणाला, तुझ्या मायलाही तिनेच खाल्ले असेल. चैतू यातले काहीच बोलला नाही. तो फक्त पेला भरत राहिला.

मग टोल्यात एक बैल मेला. एका म्हाताऱ्याला लकवा मारला. जे एरवीही घडले असते, त्याला आता एक नाव हवे होते. चैतूने आधी बुधू पुजाऱ्याला विचारले. बुधूने साफ सांगितले, "मी दवा देतो, देवाचं करतो. कोणाचं नाव काढत नाई. माह्या बापानंबी नाई काढलं." तेव्हा चैतूच्या गाडीतून नदीपलीकडचा एक देवऋषी आला.

धान कापणीला आले होते. सकाळचे कोवळे ऊन समाजमंदिराच्या पायरीवर पडले होते. सगळा टोला जमवला गेला. देवऋषीने सुपात तांदूळ घोळवले, डोळे फिरवले आणि म्हणाला, "घरातलीच हाये. लेकराच्या जवळची हाये." मग तो दीपिकाकडे वळला. "सांग बाई. तुह्या लेकराले शेवटी कोणी काय खाऊ घातलं?"

दीपिकाला त्या प्रश्नाचा रोख कळला नाही. खरे तर तिला त्या दिवसांत काहीच कळत नव्हते. तिच्या डोळ्यांसमोर फक्त तो चमचा आला, पोरीच्या ओठांवरून ओघळणारी पेज आली, आणि ती म्हणाली, "काकीनं. काकीनं पेज पाजली."

पुढचे वाक्य तिला म्हणायचे होते, की मी उठू शकत नव्हते, काकी नसती तर पोर उपाशी गेली असती. ते वाक्य कोणी ऐकलेच नाही. गर्दीतून आरोळी उठली आणि पहिला दगड मंगलीच्या कपाळावर बसला.

चौघांनी तिला केसांना धरून पटांगणात ओढत आणले. टोल्यातलीच माणसे होती ती. तिने ज्यांच्या बायकांची बाळंतपणे केली होती ती. कोणी लाथ घातली, कोणी दांडका. "कबूल कर! लेकरू खाल्लं म्हण!" मंगलीच्या तोंडातून रक्त येत होते. "मी काई नाई केलं गा," ती म्हणत होती. "दवाखान्यात न्या म्हणत होतो मी." एकाने विळा चुलीत लाल करून आणला. दोघांनी तिचे तळहात उघडे धरले. मांस जळल्याचा वास पटांगणभर पसरला आणि मंगलीची किंकाळी ऐकून शेजारच्या झाडावरचे बगळे उडाले.

दीपिका धावली. बायांनी तिला कमरेला धरून मागे खेचले. "काकीनं नाई केलं! ऐका ना बाप्पा! काकीनं काईच नाई केलं!" तिचा आवाज त्या गलक्यात बुडून गेला. एकीने तिच्या तोंडावर हात दाबला.

मग तिला अंकुश दिसला. त्याचे डोळे तांबारले होते, हातात बांबूचा दांडका होता. चैतू त्याच्या मागे उभा होता, हात बांधून. "माही पोरगी कुठी हाये काकी?" अंकुश ओरडला. "माही माय कुठी हाये?" त्याने दांडका दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला.

झाडू कुठून आला ते कोणाला दिसले नाही. शेतातून धावत आला असावा. पायाला चिखल होता. त्याने स्वतःला मंगलीवर झोकून दिले आणि मान वर केली. "अंकुश, बापू—"

दांडका त्याच्या डोक्यात बसला. नारळ फुटावा तसा आवाज झाला. झाडू बायकोच्या अंगावरच पडला आणि परत हलला नाही.

मारणारे मागे सरकले. अंकुशच्या हातातून दांडका गळला. तो गुडघ्यांवर बसला आणि झाडूचा चेहरा दोन्ही हातांत धरून हलवू लागला. "काका. ओ काका. उठ ना गा."

देवऋषी केव्हाच सटकला होता. चैतूने मात्र डोके ठिकाणावर ठेवले. पोलीस येतील हे त्याला ठाऊक होते. त्याने चार जाणत्यांना बाजूला घेतले आणि ठरले: झाडू मध काढायला झाडावर चढला होता. वरून पडला. मंगली त्याला धरायला गेली, तीही आपटली. हात शेकोटीत पडले. "साऱ्यायनं हेच सांगा," चैतू म्हणाला. "एकानं वेगळं सांगितलं तं सारा टोला जेलात जाइन. लेकरं उघड्यावर पडतीन. समजलं?"

दुपारी पोलिसांची गाडी आली. पुरुषांनी झाड सांगितले. बायांनी झाड सांगितले. फौजदाराने झाड पाहिले, मान हलवली, लिहून घेऊ लागला. मंगली बेशुद्ध होती. तिला खाटेवर घालून गाडीकडे नेत होते.

दीपिका भिंतीशी उभी होती. तिच्या एका बाजूला अंकुश बसला होता, मान खाली. झाडाचेही नाव त्याने घेतले नव्हते. तिने खोटे सांगितले तर नवरा घरी राहणार होता. खरे सांगितले तर तिचे उरलेसुरले घरही जाणार होते. तिला कोणी धमकावलेही नाही. ज्या वाक्याने हे सुरू झाले ते तीच बोलून बसली होती, आणि आता ती आपल्याच बाजूची आहे असे टोला धरून चालला होता.

ती पुढे झाली.

"साहेब, झाडावरून कोणी नाई पडलं," ती म्हणाली. "काकाले मारलं. काकीले टोणी म्हणून, जादू करते म्हणून मारून राह्यले होते, काका आडवा आला. माह्या नवऱ्यानं मारलं. दांडका त्या गोठ्यामांगं टाकला हाये. देवऋषी चैतूनं आणला. विळा कोणी तापवला तेबी सांगतो."

"दीपिका!" कोणीतरी ओरडले. एक बाई तिच्या अंगावर धावून आली आणि तिच्या मुस्काटात मारली. दीपिकाने गाल चोळला नाही. तिने विळा तापवणाऱ्याचे नाव घेतले. हात धरणाऱ्यांची नावे घेतली. अंकुशने वर पाहिले आणि दोन्ही हात फौजदारापुढे केले. आता बुधू पुजारी काठी टेकत पुढे आला. "पोरगी खरं सांगून राह्यली," तो म्हणाला. "मीबी घरात लपून पाहत होतो. माहंबी नाव लिहा, भेकड म्हणून."

महाराष्ट्रात जादूटोण्याविरुद्ध कायदा आहे. जंगलाची मालकी गावाला देणारा कायदाही आहे, तो दिल्लीने केलेला. आपला माल कुठेही विकायची मोकळीक आहे. या सगळ्या गोष्टी त्या सकाळीही लागू होत्या. पण भाव विचारणाऱ्या बाईला टोणी ठरवून मारता येते तिथे कोणतीही बाजारपेठ खुली नसते, मग मुंबईत आणि दिल्लीत बाजारपेठेवर कितीही चर्चा झडोत. विकण्याचे स्वातंत्र्य हे आधी नाही म्हणण्याचे स्वातंत्र्य असते, आणि नाही म्हणणाऱ्याचे डोके शाबूत राहील याची हमी कोणीतरी घ्यावी लागते. साजाटोल्यात ती त्या दिवशी कोणी घेतली नव्हती.

मंगली वाचली. डावा हात कायमचा वाकडा राहिला, दोन्ही तळव्यांची कातडी आखडून बोटे पुरती उघडत नाहीशी झाली. गडचिरोलीच्या दवाखान्यात दीपिका तिच्या खाटेखाली झोपायची, तिला भरवायची. पहिले काही दिवस मंगली घास घेई, पण तिच्याकडे पाहत नसे. एका दुपारी दीपिका तिचे पाय धरून म्हणाली, "काकी, मले वेगळं सांगायचं होतं वो. पेज पाजली, एवढंच निघालं तोंडातून."

मंगली छताकडे पाहतच म्हणाली, "पाजली होतीच ना मी. खोटं कुठी बोललीस." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "अंकुशले भेटलीस का? काई खाते का तो तिथी?" आणि त्यानंतर मात्र ती रडू लागली, आणि दीपिकाला तिला आवरता आले नाही.

चैतूला जामीन मिळाला. पौष महिन्यात ग्रामसभा भरली तेव्हा तो पहिल्या रांगेत येऊन बसला. लोकांनी त्याच्याकडे पाहिले आणि माना खाली घातल्या. आदेशने तेंदूपत्त्याचा विषय वाचून दाखवला. तेव्हा दीपिका उठली. दवाखान्यातून आल्यापासून ती मंगलीच्याच घरात राहत होती. टोल्यातल्या विहिरीवर बाया तिच्यासाठी जागा करत नसत.

"लिलावाचं मंग पाहू," ती म्हणाली. "पहिले हे सांगा. मंगली काकी टोणी हाये असं ज्याले वाटते त्यानं इथी उभं राहावं. चार माणसांत, दिवसाउजेडी. पोलीस पाटील बसले हायेत, त्यायच्या समोर सांगावं."

कोणी उठले नाही. चैतू चुळबुळला, पण उठला नाही.

"मंग काऊन मारलं?" तिने विचारले. "माह्या नवऱ्याले वाटलं पोरगी खाल्ली म्हणून. तुमाले काय वाटलं? बोला ना. कोणाले पिकअप बंद व्हायची भीती, कोणाले दुकानातल्या उधारीची. चैतूभाऊले भीती का चार व्यापारी येतीन. आन त्यासाठी माहा काका मेला."

एक म्हातारी उठली आणि बाहेर निघून गेली. बाकीचे बसून राहिले. मग मते घेतली गेली. हात फार वर गेले नाहीत. खांद्यापर्यंतच, अर्धवट, जणू कोणी पाहू नये अशा बेताने. पण मोजल्यावर ते जास्त भरले. खुल्या लिलावाचा ठराव झाला. उन्हाळ्यात नागपूरहून, गोंदियाहून, सिरोंचाकडून तेलंगणातले, असे व्यापारी आले. भाव पूर्वीपेक्षा बरा मिळाला. आदेशच्या आग्रहाने किमान भावाची अटही घातली होती आणि ती उपयोगी पडली. पण पाने तोडताना टोल्यात पूर्वीसारखी गाणी झाली नाहीत.

दीपिका एकदा अंकुशला तुरुंगात भेटून आली. तो सुकला होता. जाळीपलीकडून त्याने एवढेच विचारले, "काकी कशी हाये?" ती म्हणाली, "तुहं विचारत राह्यते." त्याने कपाळ जाळीला टेकवले. वेळ संपल्याची घंटा झाली तरी दोघे तसेच उभे होते.

पुढच्या पावसाळ्यात, भर दुपारी, बाजारातून आलेल्या एका माणसाने बातमी आणली. जंगलापलीकडच्या कुसुमटोल्यात सुकरी नावाच्या बाईचे तान्हे पोर तापाने गेले. लोक जमले होते. देवऋषीला निरोप गेला होता.

दीपिका चुलीवरचे भांडे उतरवून उभी राहिली. आदेशला पोलिसांना आणि आरोग्य केंद्राला फोन लावायला सांगितले. मंगलीने कोपऱ्यातली काठी वाकड्या हाताने कशीबशी पकडली. "मीबी येतो," ती म्हणाली. चिखलातून, पावसातून दोघी निघाल्या.

सुकरीच्या अंगणात माणसे दाटली होती. "कोण गा तुम्ही?" एकाने वाट अडवली.

"माहंबी लेकरू असंच गेलं," दीपिका म्हणाली. "मले त्या मायले भेटू द्या."

काय वाटले कोण जाणे, तो बाजूला झाला. आत अंधारात सुकरी बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. भोवतीच्या बाया तिला हलवून विचारत होत्या, घरी कोण आले होते, कोणी काय दिले, आठव, नाव सांग. सुकरीचे ओठ उघडले होते.

दीपिका बायांमधून वाट काढत तिच्याजवळ गेली, खाली बसली आणि तिचे डोके आपल्या छातीवर ओढून घेतले.

"आज कोणाचं नाव घेऊ नको माय," ती तिच्या कानाशी म्हणाली. "आज फक्त रड."

सुकरी तिच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या पोटातून हंबरडा फुटला. बाहेरच्या माणसांपर्यंत तो पोचला. त्यांच्यातले दोघे-तिघे दाराकडे सरकले, तर उंबऱ्यावर एक बाई बसलेली होती. तिने जळालेले दोन्ही तळहात गुडघ्यांवर उताणे ठेवले होते.

"आत जायचं असन तं पहिले मले उचला लागन," मंगली म्हणाली. "उचला. मी इथीच हाये."